दिवाणखान्यातला टीव्ही : आधी बैठक, मग पडदा, शेवटी भिंत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ नवा टू बीएचके फ्लॅट घेतला आहे. हॉल १० फूट रुंद आणि १७ फूट लांब असून पश्चिमेच्या आखूड बाजूला बाल्कनीचा सरकता दरवाजा आहे आणि पूर्वेला मुख्य दार. बिल्डरने दक्षिणेच्या लांब भिंतीवर जमिनीपासून ५ फुटांवर टीव्हीचा पॉइंट दिला आहे आणि त्या भिंतीपलीकडे कॉमन बाथरूम आहे. घरात आपण दोघे, आपले आई-वडील आणि तीन वर्षांची मुलगी आहे. सुताराने छतापर्यंत जाणारे, काळ्या मार्बलसारख्या चकचकीत पीव्हीसी शीटचे, दोन्ही बाजूंना लूव्हर्स (उभ्या खाचांचे पट्टे) आणि सोनेरी पट्ट्या असलेले डिझाइन मोबाइलवर दाखवले आहे. आईंना त्याच भिंतीवर आजोबांचा फोटो आणि शेजारी देवघर हवे आहे. टीव्ही ५५ इंची घ्यावा की ६५ इंची, तो किती उंचीवर लावावा आणि भिंत कशी सजवावी, असे आपण विचारले आहे.

नाशकात गृहसजावटीची कामे करताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो आणि बहुतेक ठिकाणी तो भिंतीपासून सुरू झालेला असतो. डिझाइन आधी पसंत होते, त्यात टीव्हीची जागा ठरून जाते आणि मग उरलेल्या जागेत माणसांनी बसायचे असते. मी हा क्रम उलटा धरतो. घरातले कोण, कुठे, कसे बसणार हे आधी ठरले की पडद्याचा आकार आणि उंची जवळजवळ आपोआप निघते, आणि भिंतीवर काय करायचे ते त्यानंतर फार थोडे उरते. आपल्या बाबतीत बसणारी माणसे तीन प्रकारची आहेत : सोफ्यावर बसणारे आपण दोघे, दिवाणावर टेकून किंवा आडवे होऊन पाहणारे आई-वडील आणि सतरंजीवर बसणारी मुलगी. या तिघांना सोयीची ठरेल अशी एक जागा शोधणे हे खरे काम आहे.

बैठकीची मापे पाहू. हॉलची रुंदी १० फूट, म्हणजे १२० इंच. सोफा उत्तरेच्या भिंतीला लावला तर त्याची खोली सुमारे ३४ इंच धरावी लागते. टीव्ही युनिट १४ इंच खोलीचे केले तर मध्ये ७२ इंच उरतात. त्यात २० इंचांचा टीपॉय, सोफा आणि टीपॉय यांमध्ये पाय ठेवायला १६ इंच, आणि मुख्य दारापासून बाल्कनीपर्यंत जायला ३६ इंचांची वाट मिळते. ही वाट हातात ट्रे घेऊन जाणाऱ्या माणसाला पुरते. सुतार अनेकदा युनिट १८ ते २० इंच खोल करतात, कारण पूर्वीच्या खोक्यासारख्या टीव्हीला तेवढी खोली लागत असे आणि ते माप हातात बसले आहे. आजचा सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि साउंडबार १४ इंचांत सहज मावतात, म्हणून वरचे चार-सहा इंच युनिटला देण्यापेक्षा चालण्याच्या वाटेला द्यावेत. १० फुटी हॉलमध्ये तो फरक रोज जाणवतो.

आता पडद्याचा आकार. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे मागच्या भिंतीपासून सुमारे २० इंचांवर असतात आणि टीव्हीचा पडदा समोरच्या भिंतीपासून चारेक इंच पुढे येतो, म्हणून प्रत्यक्ष अंतर ९६ इंच, म्हणजे ८ फूट उरते. पडद्याच्या दोन्ही कडा डोळ्यांपाशी साधारण ३० अंशांचा कोन करतील इतका मोठा पडदा रोजच्या पाहण्याला चांगला, असा या क्षेत्रात रूढ संकेत आहे. सोपे गणित करायचे तर अंतराला १.६ ने भागावे. ९६ भागिले १.६ म्हणजे ६० इंच. ज्यांना चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असतो ते १.२ ने भागतात आणि त्यांना याच अंतरावर ७५ इंचीसुद्धा चालतो. म्हणजे केवळ गणिताने पाहिले तर आपल्याला ५५ आणि ६५ हे दोन्ही आकार बसतात.

तरीही आपल्या घरासाठी मी ५५ इंची सुचवेन आणि त्याचे कारण आई-वडील काय पाहतात यात आहे. टीव्हीवर बातम्या आणि मालिका पाहणाऱ्या घरांत अजूनही बऱ्याच वाहिन्या साध्या, म्हणजे एसडी दर्जाच्या असतात. ते चित्र ५७६ ओळींचे असते आणि फोरके टीव्ही ते २१६० ओळींच्या पडद्यावर ताणून दाखवतो. आठ फुटांवरून ५५ इंचांत हा ताण खपून जातो, ६५ इंचांत चेहऱ्यांच्या कडा आणि खालची धावती अक्षरे पसरलेली दिसू लागतात. घरात सगळे ओटीटीवरच पाहणार असतील, किंवा एचडी वाहिन्यांचे पॅकेज घेतलेले असेल, तर माझे उत्तर बदलेल आणि ६५ इंचीही योग्य ठरेल. रुंदीचाही विचार करावा : ५५ इंची टीव्ही साधारण ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो, तर ६५ इंची साधारण ५७ इंच रुंद. नऊ इंचांचा हा फरक पुढे गणपतीच्या जागेचा विषय येईल तेव्हा महत्त्वाचा ठरतो.

टीव्ही कोणत्या भिंतीवर, याबाबत बिल्डरने दिलेली दक्षिणेची भिंत बरोबर आहे. बाल्कनीच्या बरोबर समोर, म्हणजे पूर्वेच्या बाजूला टीव्ही लावला तर दुपारभर पडद्यात बाल्कनीच दिसते. बाल्कनीच्या बाजूलाच ठेवला तर मागून येणाऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि पडदा काळपट वाटतो. लांब भिंतीवर टीव्ही असला की उजेड बाजूने येतो, आणि बाजूचा उजेड सांभाळता येतो. मात्र त्या सतरा फुटांच्या भिंतीवर नेमका कुठे, हे ठरवणे बाकी राहते आणि इथे बहुतेक जण भिंतीचा मध्य धरून चालतात. मी बाल्कनीपासून निदान नऊ फूट आत जायला सांगतो. टीव्ही बाल्कनीच्या जितका जवळ, तितके सोफ्याच्या दूरच्या टोकाला बसणाऱ्याला पडद्यात बाल्कनीचे प्रतिबिंब अधिक दिसते. टीव्हीचा मध्य बाल्कनीपासून नऊ-साडेनऊ फुटांवर असेल तर आपल्या मापांच्या हॉलमध्ये सोफ्यावरची जवळजवळ सगळी जागा या त्रासातून सुटते.

याची खात्री करायला एक साधा उपाय आहे. घरातला एखादा मध्यम आकाराचा आरसा घेऊन तो टीव्हीच्या नियोजित जागी, नियोजित उंचीवर भिंतीला सपाट धरावा आणि दुसऱ्या माणसाने जिथे जिथे कोणी बसणार आहे त्या प्रत्येक जागी बसून आरशात पाहावे. आरशात जो दिवा, जी खिडकी किंवा जो दरवाजा दिसेल तोच उद्या पडद्यात दिसणार. आरसा टीव्हीएवढा मोठा नसेल तर तो चारही कोपऱ्यांवर सरकवून पाहावा. हे काम संध्याकाळी पाचच्या सुमारास आणि पुन्हा दिवे लावल्यानंतर, असे दोनदा करावे.

थेट उन्हाचा विषय वेगळा आहे आणि त्यासाठी ऋतू लक्षात घ्यावा लागतो. नाशिक २० अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनमध्ये सूर्य पश्चिम बिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. आपल्या पश्चिमेच्या बाल्कनीतून डिसेंबरात येणारे मावळतीचे ऊन उत्तरेच्या भिंतीकडे, म्हणजे सोफ्यावर बसलेल्यांच्या अंगावर पडेल, आणि एप्रिल-मे महिन्यांत तेच ऊन तिरपे होऊन दक्षिणेच्या भिंतीवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर येईल. आपण हिवाळ्यात ताबा घेऊन टीव्ही लावला आणि सगळे ठीक वाटले तर उन्हाळ्यात चकित होऊ नये. समोर दुसरी इमारत असेल, वरच्या मजल्याची बाल्कनी पुढे आलेली असेल, तर यातला बराचसा भाग गळून जातो. ते जागेवरच पाहावे लागेल. बाल्कनीचा पडदा मात्र दोन भागांत करून घ्यावा. उन्हाळ्यात टीव्हीच्या भिंतीलगतचा तीन फुटांचा भाग जाड कापडाच्या पडद्याने झाकून घेतला की टीव्हीवरचे ऊन अडते आणि उरलेल्या भागातून हॉलमध्ये उजेड येत राहतो. त्यासाठी सगळा हॉल अंधारा करण्याची गरज नाही.

उंचीबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त घरे इथेच फसलेली मी पाहिली आहेत. बिल्डरने पॉइंट ५ फुटांवर दिला आहे म्हणून टीव्हीही तिथे, असे होते. तो पॉइंट झाकायचा म्हणजे ५५ इंची टीव्हीचा मध्य सुमारे ६६ इंचांवर जातो. सोफ्यावर सैल बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर असतात. म्हणजे आठ फुटांवरून त्याला सुमारे १४ अंश वर पाहावे लागते आणि सतरंजीवर बसलेल्या मोठ्या माणसाला, ज्याचे डोळे २८ इंचांच्या आसपास असतात आणि जो पडद्याच्या थोडा जवळ असतो, २४ अंश. मुलीला त्याहून जास्त. नजर स्वाभाविकपणे किंचित खाली असते. ती तासभर वर धरून ठेवली की मान मागे टाकावी लागते. तोच मध्य ४२ इंचांवर आणला तर सोफ्यावरच्याची नजर सरळ राहते आणि सतरंजीवरच्याला दहाएक अंशच वर पाहावे लागते.

उंच टीव्हीचा आणखी एक तोटा सहसा कोणी सांगत नाही. पडदा डोळ्यांच्या पातळीला असला की त्यात समोरच्या भिंतीचा सहा फुटांपर्यंतचा भागच परावर्तित होतो. पडदा वर गेला की छत आणि छतातले दिवे त्यात दिसू लागतात. फॉल्स सीलिंगमध्ये दिवे लावून घेतल्यावर लोक टीव्हीला दोष देतात. प्रत्यक्षात टीव्ही वीस इंच खाली असता तर ते दिवे त्यांना पडद्यात दिसलेच नसते.

आता अपवाद. आपले वडील दिवाणावर आडवे होऊन पाहतात आणि त्यांना प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा आहे का, हे आपण लिहिलेले नाही. असेल तर इकडे लक्ष द्या. अशा चष्म्यात दूरचे पाहण्याचा भाग वर आणि वाचण्याचा भाग खाली असतो. माणूस उशीला टेकून मागे रेलला की त्याला समोरचा पडदा चष्म्याच्या खालच्या भागातून पाहावा लागतो आणि चित्र पुसट दिसते. पडदा थोडा वर असेल तर हा त्रास कमी होतो. त्यामुळे आपल्या घरी मध्य ४२ ऐवजी ४५ इंचांवर धरावा, म्हणजे पडद्याची खालची कड साधारण ३१ ते ३२ इंचांवर येईल. वडिलांना त्या जागी बसवून, टेकवून, ४८ बाय २७ इंचांचा वर्तमानपत्रांचा चौकोन भिंतीला चिकटवून दोन-तीन उंचींवर विचारून पाहावे. त्यांचे मत माझ्या गणितापेक्षा महत्त्वाचे आहे.

टीव्ही या उंचीवर आला की त्याची वरची कड ५८-५९ इंचांवर येते आणि बिल्डरचा पॉइंट त्याच्या डोक्यावर उघडा राहतो. तो खाली आणायला इलेक्ट्रिशियन भिंतीत झिरी मारायला सांगेल. त्याआधी भिंत कशाची आहे ते पाहा. अलीकडच्या अनेक इमारतींत भिंती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात आणि तशा भिंतीत झिरी मारायची नसते. ड्रिलच्या भुशावरून ओळख पटते : लाल भुसा म्हणजे वीट, पांढुरकी मऊ पूड आणि ड्रिल लोण्यात शिरल्यासारखे आत जाणे म्हणजे एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची वीट), करडी बारीक पूड आणि ड्रिल अडून अडून जाणे म्हणजे काँक्रीट. या पुडीवर पुढचे सगळे अवलंबून आहे. ५५ इंची टीव्ही साधारण १२ ते १८ किलोंचा असतो. विटेत चांगली गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) आणि जाड स्क्रू पुरतात, काँक्रीटमध्ये लोखंडी अँकर उत्तम बसतो, पण एएसी ब्लॉकमध्ये टीव्हीसोबत खोक्यात आलेल्या छोट्या गिट्ट्या कालांतराने ढिल्या होतात. तिथे लांब नायलॉन अँकर किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला) वापरावा. कंपनीकडून टीव्ही लावायला येणारा माणूस घाईत असतो, त्याला हे आधी सांगून सामान आणून ठेवणे आपल्या हातात आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींवर तर मी टीव्ही टांगतच नाही, तो युनिटवर त्याच्या पायांवर उभा करतो.

आपल्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे हे आपण लिहिले ते फार चांगले केले. याचे दोन परिणाम आहेत. पहिला, त्या भिंतीत पलीकडून नळाचे पाइप पुरलेले असण्याची शक्यता आहे. शॉवर, गीझर आणि डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे वळवणारा नळ) कुठे आहेत त्यांची मापे बाथरूमच्या आतून दाराच्या चौकटीपासून घेऊन ती हॉलच्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीने आखावीत आणि त्या पट्ट्यांत एकही भोक पाडू नये. बिल्डरकडून प्लंबिंगचा नकाशा मिळाला तर तो मागून घ्यावा. दुसरा परिणाम ओलीचा. टाइल्सच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी हॉलच्या बाजूला रंगाचे पोपडे काढते; तिथे संपूर्ण भिंत झाकणारे पॅनल लावले तर ओल दिसतच नाही, प्लायवुड मागून काळे पडते आणि लॅमिनेट फुगल्यावर कळते. म्हणून छतापर्यंतच्या पीव्हीसी शीटच्या डिझाइनला माझा पहिला विरोध दिसण्यावरून नाही, या ओलीमुळे आहे.

मग पॅनल करूच नये का? करावे, पण तेवढेच जेवढ्याला काम आहे. टीव्हीच्या मागे साधारण ५ फूट रुंद आणि युनिटपासून ६ फुटांच्या उंचीपर्यंत जाणारे पॅनल केले तर बिल्डरचा ५ फुटांवरचा पॉइंट त्यामागे झाकला जातो, तिथून वायर पॅनलच्या पोकळीतून खाली टीव्हीपर्यंत येते आणि झिरी मारावी लागत नाही. १८ मिलिमीटरचे प्लायवुड भिंतीवर पाऊण इंचाच्या पट्ट्यांवर अनेक ठिकाणी स्क्रूने पकडलेले असेल तर टीव्हीचे वजन सगळीकडे वाटले जाते आणि पाइप असलेली जागा टाळून स्क्रू मारण्याची मोकळीक मिळते. बाथरूमची भिंत असल्यामुळे इथे आयएस ७१० चिन्हाचे मरीन प्लाय वापरावे आणि खाली-वर बोटभर फट ठेवावी, म्हणजे मागे हवा खेळते. टीव्हीच्या मागचा एक तुकडा चुंबकावर किंवा दोन स्क्रूंवर निघणारा ठेवावा. पुढे पॉइंट बिघडला तर संपूर्ण पॅनल उखडावे लागत नाही.

युनिटच्या लांबीबद्दल माझे एक ठाम मत आहे, ते आपल्याकडच्या सणांमुळे तयार झाले आहे. गणेशोत्सवात मखर कुठे ठेवायचे, हा प्रश्न नव्या फ्लॅटमध्ये पहिल्याच भाद्रपदात उभा राहतो. हॉलमधली एकमेव मोकळी भिंत टीव्हीने अडवलेली असते, मग टीव्हीवर चादर टाकून त्याच्या पुढ्यात आरास होते किंवा टीव्ही उतरवला जातो. हे आधीच लक्षात घेऊन युनिट ७ फूट लांब आणि १८ ते २० इंच उंच करावे, टीव्ही त्याच्या मध्यावर न घेता मुख्य दाराच्या बाजूला सरकवावा आणि बाल्कनीच्या बाजूला पावणेतीन-तीन फूट जागा मोकळी ठेवावी. त्या मोकळ्या जागेच्या वर, युनिटपासून फूटभर उंचीवर, एक सॉकेट द्यावे. समई, माळा, फोकस सगळ्यांची सोय तिथूनच होते. वरचा पत्रा, म्हणजे युनिटचा टॉप, मूर्ती, चौरंग आणि नैवेद्याची ताटे यांचे वजन पेलेल असा दुहेरी प्लायचा आणि ओल्या कपड्याने पुसता येईल असा लॅमिनेटचा घ्यावा. गौरीही बसत असतील तर उंची जास्त लागते, म्हणून त्या भागावर भिंतीत कपाट किंवा फळी करू नये. मूर्तीचे तोंड कोणत्या दिशेला चालेल हे आईंना विचारून घ्या, कारण प्रत्येक घराची रीत वेगळी असते. मापांच्या दृष्टीने ही एकाच बाजूला झुकलेली रचना टीव्हीला बाल्कनीपासून दूरही नेते, त्यामुळे दोन्ही कामे एकाच निर्णयात होतात. ६५ इंची टीव्ही घेतला तर हीच जागा सव्वादोन फुटांवर येते.

वर्षाचे उरलेले महिने त्या मोकळ्या जागेत काय ठेवायचे, हीच आपल्या भिंतीची खरी सजावट. मला तिथे एकच मोठी वस्तू आवडते. भांडी बाजारातून आणलेला किंवा आजीच्या घरून आलेला तांब्याचा हंडा आणि त्यात उंच पानांचे झाड, किंवा एखादा उभा दिवा. चार-पाच छोट्या वस्तू मांडल्या की टीव्ही चालू असताना नजर त्यांच्यावर अडखळते आणि बंद असताना धूळ पुसण्याचे काम वाढते. पैठणीचा तुकडा फ्रेम करून लावायचा असेल, आणि येवला आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे अनेकांना तो लावावासा वाटतो, तर तो या भिंतीवर लावू नका. पश्चिमेच्या उन्हात रेशमाचा रंग उडतो. तो मुख्य दाराजवळ किंवा जेवणाच्या टेबलाजवळ लावा. वारली चित्र मात्र इथे शोभते, विशेषतः गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांचे. त्याला चकाकी नसते आणि त्याचा आकार दुरून वाचता येतो.

रंग आणि पोत यांविषयी. टीव्हीच्या मागचा भाग पांढराशुभ्र असला की रात्री पडद्याच्या उजेडाने तो चमकतो, आणि संपूर्ण काळा असला की टीव्ही बंद असताना तिथे एक मोठा काळा ठिपका तयार होतो आणि १० फुटी हॉल आणखी अरुंद वाटतो. मधल्या गडदपणाचे रंग चांगले : सागवानी लाकडाची छटा, गेरूकडे झुकणारा विटकरी, किंवा राखाडी हिरवा. पृष्ठभाग मॅट असावा. सुताराने दाखवलेल्या चकचकीत मार्बलसारख्या शीटला माझा दुसरा विरोध इथे आहे, कारण त्या शीटमध्ये टीव्हीच्या कडेचा उजेड, बाल्कनीचा पडदा, पंख्याची फिरती सावली असे सगळे हलत राहते. लूव्हर्सबद्दल सरसकट वाईट बोलता येणार नाही. ते टीव्हीच्या शेजारी दोन फुटांच्या पट्ट्यात सुंदर दिसतात. पण होळीपासून पाऊस सुरू होईपर्यंत आपल्याकडे जी बारीक धूळ बाल्कनीतून आत येते, ती प्रत्येक खाचेत बसते आणि ती ब्रशने उभी उभी काढावी लागते. ते काम घरात कोण करणार, हे ठरवून मगच लूव्हर्स निवडावेत. आईंवर किंवा मदतीला येणाऱ्या ताईंवर ते न विचारता टाकू नये. सोनेरी पट्ट्या मी काढून टाकेन.

प्रकाशासाठी एकच सूचना पुरेशी आहे. पॅनलच्या कडांवर उघडी एलईडी पट्टी लावली तर ती थेट डोळ्यांत येते. तीच टीव्हीच्या मागे, कडेपासून तीन-चार इंच आत, भिंतीकडे तोंड करून लावली तर पडद्याभोवती मंद उजेड पसरतो आणि अंधारात पाहताना डोळ्यांवरचा ताण कमी होतो. टीव्हीच्या चित्रातला पांढरा रंग ६५०० केल्विनला (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) धरून ठरवलेला असतो, म्हणून ही एक पट्टी पांढरी घ्यावी. हॉलचे बाकी दिवे ३००० केल्विनचे, उबदार असले तरी बिघडत नाही. पट्टीला डिमर असावा आणि तिचे बटण टीव्हीच्या बटणांपासून वेगळे असावे.

आजोबांचा फोटो टीव्हीच्या वर लावू नये, असे मी आईंना समोर बसवून सांगितले असते. फोटोला हार येतो, पुण्यतिथीला निरांजन येते. हाराचे पाणी आणि निरांजनाची काजळी टीव्हीवर उतरते. शिवाय त्यांच्याकडे पाहताना खाली जाहिराती चालू असणे आईंनाच रुचणार नाही. तो फोटो सोफ्याच्या वरच्या भिंतीवर किंवा मुख्य दारातून आत येताच समोर दिसेल अशा जागी, एकट्याने लावावा. त्याला तो मान मिळायला हवा. देवघराचेही तसेच. दिवेलागणीची वेळ आणि बातम्या-मालिकांची वेळ एकच आहे. एकाच भिंतीवर दोन्ही असतील तर रोज कोणाला तरी आवाज कमी करायला सांगावे लागते आणि कालांतराने पूजा आवरती होते. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये किंवा जेवणाच्या जागेत देवघराला दोन फुटांचा कोनाडा मिळत असेल तर तो घ्यावा. दुसरी जागा अजिबातच नसेल तर टीव्ही आणि देवघर यांच्यात छतापर्यंतची, निदान फूटभर पुढे आलेली उभी फळी घालावी, म्हणजे पडद्याचा उजेड देवांवर पडत नाही.

मुलगी तीन वर्षांची आहे, म्हणून युनिटच्या ड्रॉवरना पुढून पकड ठेवू नका. ओढून उघडलेले ड्रॉवर तिला पायऱ्यांसारखे वाटतात. टीव्ही भिंतीला पकडलेलाच हवा, युनिटवर नुसता उभा नको, आणि युनिटही मागून भिंतीला दोन ठिकाणी अडकवलेले हवे. सेट-टॉप बॉक्सच्या कप्प्याला लाकडी झाकण लावले तर रिमोटचे इन्फ्रारेड किरण आत पोचत नाहीत. तिथे जाळीचे किंवा फटी असलेले झाकण करावे, त्याने आतली उष्णताही बाहेर पडते.

राहिले वायरिंग. सॉकेट टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि साउंडबार यांना एकेक, एक जादा आणि एक गणपतीच्या बाजूचे, असे सहा असावेत. टीव्ही आणि राउटर यांचे सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. टीव्हीच्या मागून युनिटपर्यंत एचडीएमआय आणि केबलसाठी दीड ते दोन इंचांचा वेगळा पाइप टाकावा. इलेक्ट्रिशियन विजेच्या वायरसाठी वापरतो तो पाऊण इंची पाइप इथे चालत नाही, कारण एचडीएमआयचे टोकच जवळजवळ तेवढे रुंद असते आणि वळणात अडकते. वीज आणि सिग्नल यांच्या वायरी एकाच पाइपमधून नेऊ नयेत. पाइपमध्ये एक जादा नायलॉनची दोरी ओवून ठेवावी, पुढे नवी वायर ओढायला ती उपयोगी पडते.

कामाचा क्रम असा ठेवा : बैठकीची मापे जमिनीवर खडूने आखून पाहणे, आरसा आणि वर्तमानपत्र घेऊन जागा-उंची पक्की करणे, बाथरूमच्या बाजूने पाइपची मापे घेणे, वायरिंग, मग रंगाचा पहिला हात, मग पॅनल आणि युनिट, टीव्ही सर्वांत शेवटी. टीव्ही आधी विकत घेतला तर हरकत नाही, कारण मागच्या भोकांचे अंतर, ज्याला व्हेसा माप म्हणतात, ते सुताराला माहितीपत्रकातून आधीच देता येते आणि पॅनलमधल्या पट्ट्या नेमक्या तिथे ठोकता येतात. पॅनल बंद करण्याच्या आदल्या दिवशी भिंतीला मोजपट्टी लावून वायर, पाइप आणि पट्ट्या दिसतील असे फोटो काढा आणि ते आपल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. पाच-सात वर्षांनी टीव्ही बदलताना भोक कुठे पाडायचे हे त्यांवरून समजेल. आपण बाथरूमच्या आतल्या नळांची मापे, सोफ्याच्या बैठकीची उंची आणि वडिलांच्या चष्म्याचा प्रकार कळवलात तर पॅनलचे नेमके माप मी काढून देईन.